पीडिताचा हक्क आणि पोलिसांची सही

(अभ्यासमंडळातील भाषणाचा सारांश)



स्थलांतरित कामगारांविषयी बोलताना आपण बहुधा मजुरीपासून आरंभ करतो. आज मी फिर्यादीपासून करणार आहे. ज्याच्याजवळ देशात राहण्याचे कागद नाहीत अशा माणसाला मारहाण झाली, किंवा त्याच्या डोळ्यांदेखत एखादा गुन्हा घडला, तरी तो पोलीसचौकीची पायरी चढत नाही. कारण तेथे त्याचेच कागद प्रथम मागितले जातील. मालकाला हे पक्के ठाऊक असते. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे आम्ही वर्गात शिकवितो. पण या कामगाराच्या मजुरीतून त्याच्या भीतीपोटीही काही कापले जाते, ते पाठ्यपुस्तकात नसते.

उदाहरण आपल्याच माणसांचे घेतो. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइप-फिटर नेले. भरतीत मुंबईच्या एका दलाली कंपनीचा हात होता. कायम वास्तव्याचे आमिष दाखवून माणशी दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक उकळले गेले. तेथे पोचल्यावर एकेका तात्पुरत्या निवाऱ्यात चोवीसपर्यंत माणसे कोंबलेली, आणि त्याबद्दल पगारातून महिन्याला १,०५० डॉलरांची कपात! व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला. काम सोडले की वास्तव्य बेकायदा. मार्च २००८ मध्ये मिसिसिपीतील पास्कागुला येथे सुमारे शंभर कामगार तरीही बाहेर पडले. गांधींचे नाव घेऊन ते वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि मे महिन्यात उपोषणाला बसले. त्यांची मागणी पैशांची नव्हती. आमच्या फिर्यादीची चौकशी होईपर्यंत आम्हांला या देशात राहू द्या, एवढीच होती. साक्षीदारच हद्दपार झाला तर खटला उभा राहणार कोणाच्या जोरावर? पुढे त्यांच्यापैकी अनेकांना मानवी व्यापाराच्या बळींसाठी असलेला टी-व्हिसा मिळाला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलरांची भरपाई ठरविली.

हा टी-व्हिसा, आणि इतर गंभीर गुन्ह्यांतील पीडितांसाठी असलेला यू-व्हिसा, हे दोन्ही २००० सालच्या एकाच कायद्यातून निघाले. यू-व्हिसावर चार वर्षे राहता येते, काम करता येते, आणि तीन वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात असा कायदा झाला, ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे आपल्याला कारण नाही.

तथापि त्याची रचना नीट पाहा. यू-व्हिसासाठी अर्जदार तपासाला उपयुक्त ठरला, असा तपासयंत्रणेचा किंवा तशाच अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर सही करण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने कोणावरही घातलेले नाही. एका शहरात सही होते, शेजारच्या शहरात होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून राज्यापुरती मुदत घातली, हा एक अपवाद. म्हणजे माणसाला संरक्षण मिळते ते त्याच्यावर अन्याय झाला म्हणून नव्हे, तर तो सरकारी पक्षाच्या कामी आला म्हणून. आरोपीचा वकील मग न्यायालयात नेमके हेच विचारतो: बाई, ही साक्ष तुम्ही व्हिसासाठी देता ना?

दुसरी गोष्ट संख्येची. यू-व्हिसा वर्षाला १०,००० कुटुंबप्रमुख अर्जदारांनाच मिळतात आणि प्रलंबित अर्ज दोन लाखांच्या वर गेले आहेत. भागाकार तुम्हीच करा. २०२१ पासून प्राथमिक छाननीनंतर कामाचा परवाना देण्याची सोय झाली, हे खरे. पण पीडितांना हद्दपारीत सवलत देण्याचे त्याच वर्षीचे धोरण जानेवारी २०२५ अखेर मागे घेतले गेले.

टंचाई आली की काळाबाजार येतो; रेशनच्या दिवसांत आपण तो पाहिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलांनी दुकानांतील बनावट दरोड्यांचे प्रकरण उघड केले. व्हिसासाठी दुकानातील नोकराने पैसे देऊन स्वतःवर दरोडा घालवून घ्यायचा, असा तो व्यवहार. यावरून कायदाच रद्द करा म्हणणारे तेथे पुष्कळ आहेत. त्यांना माझे उत्तर असे की सिग्नलच्या कामगारांनी दिलेले दहा हजार डॉलर अगदी खरे होते.

आता आपल्या घरी येऊ. बांगलादेशातून फसवून आणलेल्या स्त्रिया मुंबई-पुण्याच्या छाप्यांत सापडतात. २००० सालीच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चंद्रिमा दास खटल्यात, हावड्यात अत्याचाराला बळी पडलेल्या एका बांगलादेशी स्त्रीची दहा लाखांची भरपाई कायम केली आणि घटनेचा २१ वा अनुच्छेद परकीयालाही लागू असल्याचे सांगितले. मे २०१२ मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना कळविले की तपासात बळी ठरलेल्या परदेशी स्त्रीवर परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरू नये. पण ती सूचना होती, कायदा नव्हे. २०२५ मध्ये संसदेने परकीयांविषयीचा नवा कायदा केला, त्यातही यू-व्हिसासारखी तरतूद नाही. २०१२ च्या सूचनेतील ती ओळ या कायद्यात कलम म्हणून घातली जावी, तीही पोलिसांच्या सहीची अट न ठेवता, ही मागणी आपल्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात मांडावी, आणि मजूर अड्ड्यांवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तोवर अशा फिर्यादींची नोंद ठेवावी, असे मी सुचवितो.