पिकला का हो मोतीबिंदू?



सकाळी अकराच्या सुमाराला एक आजी तपासणीला येतात. नऊवारी, काखेत पिशवी, सोबत कंटाळलेला नातू. डॉक्टर त्यांना स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला सांगतात. बाहुलीमागे पांढुरकं दिसतं. डॉक्टर काही बोलायच्या आत आजीच विचारतात, ‘‘पिकलाय का हो?’’ बाहेर चाळीस रुग्ण बसलेले. डॉक्टर मान वर न करता म्हणतात, ‘‘अजून तसा पूर्ण नाही.’’ आजी खूश होऊन उठतात. त्या परत येतात तेव्हा डोळा लालभडक झालेला असतो, अर्धं डोकं ठणकत असतं, रात्रभर उलट्या झालेल्या असतात. फुगलेल्या भिंगानं डोळ्यातला दाब वाढवून ठेवलेला असतो.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि आजींनीही चुकीचं ऐकलं नव्हतं. घोटाळा त्या एका शब्दानं केला.

आपण नेत्रतज्ज्ञ अशा वेळी ‘लोक अडाणी’ म्हणून मोकळे होतो. पण मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ हा सल्ला लोकांनी शोधून काढलेला नाही, तो आपल्याच आधीच्या पिढ्यांनी दिला. तेव्हा त्यात तथ्यही होतं. धूसर झालेलं भिंग काढायचं, पण त्या जागी बसवायला काहीच नसायचं. रुग्ण घरी जायचा तो सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचं दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. बरं दिसत असताना कोण हे ओढवून घेईल? म्हणून थांबायचं.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली लंडनमध्ये. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ते तिथेच राहिले तरी डोळा फारसा खवळत नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी नोव्हेंबर 1949मध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. कौतुक राहिलं बाजूला, समव्यावसायिकांचा विरोधच बरीच वर्षं वाट्याला आला. पुढे 1967मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरनं अल्ट्रासाऊंडनं भिंग फोडून ओढून घ्यायची युक्ती आणली. ती त्यांना सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून. आज आपण जिला ‘फेको’ म्हणतो ती हीच. दोन-तीन मिलिमीटरची चीर, आत घडी उलगडणारं भिंग, आणि बहुतेकांना त्याच दिवशी घर. शस्त्रक्रिया अशी कुठल्या कुठे गेली. ‘पिकला का’ मात्र जागचा हलला नाही.

या तफावतीचा विचार ज्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केला, ते मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सगळे त्यांना डॉ. व्ही म्हणत. जन्म 1 ऑक्टोबर 1918चा, तमिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. 1944 साली ते मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. नात्यातल्या तरुण मुली बाळंतपणात दगावलेल्या पाहिल्या होत्या, म्हणून प्रसूतितज्ज्ञ व्हायचं मनात होतं. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असतानाच संधिवातानं गाठलं. वर्षाहून अधिक काळ ते अंथरुणाला खिळले आणि उठले तेव्हा बोटं वाकडी होऊन बसली होती.

बाळंतपणं करणं आता शक्य नव्हतं. त्यांनी डोळ्यांचं शास्त्र निवडलं. हातांना मोठं काम झेपत नाही म्हणून सगळ्यांत नाजूक काम पत्करणारा माणूस! आपल्या बोटांना पेलतील अशी हत्यारं त्यांनी जुळवून घेतली, आणि त्याच बोटांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976मध्ये, त्यांनी भावंडांना हाताशी धरून भाड्याच्या घरात अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैशाची तजवीज करताना घर गहाण पडलं.

अरविंदचं शस्त्रक्रियागृह पाहून आलेला माणूस महिनाभर तेच सांगत सुटतो. सर्जनच्या दोन्ही बाजूंना टेबलं. एका टेबलावर डोळा उघडलेला असतो, तेव्हा शेजारी पुढच्या रुग्णाचा डोळा स्वच्छ करून, वर कापड टाकून तयार. पहिलं काम आटोपलं की सूक्ष्मदर्शक फिरवायचा, हत्यारांचा नवा संच घ्यायचा, की दुसरं सुरू. मॅकडोनाल्डची दुकानं जगभर एकाच चवीचा माल देतात, मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया का नाही, असं डॉ. व्ही विचारत. भिंगं परदेशातून आणणं परवडेना, म्हणून 1992मध्ये ऑरोलॅब उभी राहिली आणि शंभर डॉलरच्या घरातलं भिंग दहाच्या आसपास आलं.

हे सगळं आपण ऐकलेलं असतं, स्लाईडवर पाहिलेलंही असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच आहे. शस्त्रक्रिया फुकट केली तरी खेड्यातून लोक येईनात. चौकशी केली तेव्हा कळलं, बसभाडं नाही, सोबत यायला माणूस नाही, रोज बुडतो, आणि मुख्य म्हणजे भीती वाटते. मग बस, जेवण, मुक्काम सगळं रुग्णालयानं अंगावर घेतलं. भीतीवरचा उपाय म्हणून खेड्यापाड्यांतल्या मुली घेतल्या आणि त्यांना दोन वर्षं शिकवून तयार केलं. नंबर त्या काढतात, दाब त्या मोजतात. आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाशेजारी बसून त्याच्या सगळ्या शंका त्याच ऐकतात, त्याच्याच बोलीत.

आपल्याकडे या कामाला वेळ कुणाला आहे? बरं, प्रश्न तर ठरलेलेच असतात. ‘‘लेझरनं काढणार ना?’’ नेहमीच्या फेकोत लेझर नसतो, ध्वनिलहरी असतात. पण जाहिरातींनी ‘बिनटाक्याचं’ आणि ‘लेझरचं’ यांची अशी खिचडी केलीय की आता खरं सांगणारा डॉक्टरच मागासलेला ठरतो. ‘‘मोतीबिंदू परत आला वाटतं!’’ हीही रोजची तक्रार. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. भिंगाच्या मागचा पडदा काहींना धूसर होतो, आणि लेझर तिथे खरोखर लागतो, काही मिनिटांपुरता. पहिल्या दिवशी हे एक वाक्य सांगून ठेवलं तर दोन वर्षांनी आपल्यावर फसवणुकीचा आळ येत नाही.

मराठीनं आपल्यासाठी एक सापळाही रचून ठेवलाय: मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं सख्ख्या भावांसारखी, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही ‘काढून टाकता’ येतात. मोतीबिंदूत भिंग बदललं की दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं राखण्यासाठी, बहुधा जन्मभर. ‘‘थेंब घालून काही फरक पडला नाही, म्हणून बंद केले’’ असं सांगणाऱ्या रुग्णाची चूक नाही; फरक न पडणं हेच इथलं यश आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कोकणातल्या भातकापणीत किंवा उसाच्या फडात डोळ्याला पात लागली की आधी दुकानातून थेंब येतात. त्यात स्टेरॉईड असलं तर दुसऱ्या दिवशी लाली कमी होते आणि आत बुरशी फोफावते. नंतर बुबुळावर फूल पडतं. इथे शब्द शोधत बसायची गरज नाही. ‘पात लागली की चिठ्ठीशिवाय थेंब नको’, एवढं कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लिहिलं तरी चालेल.

तिरळं मूल भाग्याचं, ही समजूत त्याहून महाग पडते. वापरात नसलेला डोळा मेंदू हळूहळू सोडून देतो. उपाय, म्हणजे पट्टी, चष्मा, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हे सगळं सात-आठ वर्षांच्या आत झालेलं बरं. लग्न ठरायच्या वेळी आणलेल्या मुलीचा डोळा सरळ दिसेल, पण त्यातून तिला नीट दिसेलच असं नाही. चष्म्यानं नंबर वाढतो, ही भीतीही लहान मुलांनाच भोवते. नंबर वाढत्या वयाबरोबर वाढतो, चष्मा लावला काय नि न लावला काय.

एका शब्दाबद्दल मात्र आपल्या भाषेचे आभार मानायला हवेत: चाळिशी. आजार आणि चष्मा दोन्हींना एकच नाव, आणि त्या नावातच निदान. चाळीसच्या आसपास भिंग ताठरतं, पेपर लांब धरावा लागतो, हे माणूस दवाखान्यात यायच्या आधीच जाणून असतो. कुणी घाबरत नाही, कुणी पिकायची वाट पाहत नाही. असाच एखादा शब्द मधुमेहाच्या पडद्यासाठी असता तर! ‘‘मला स्वच्छ दिसतं, मग बाहुली मोठी करून कशाला तपासायची?’’ असं मधुमेही विचारतो, तेव्हा आपण ‘रेटिनोपॅथी’ म्हणतो आणि तो उठून जातो. पडद्यावर रक्त पाझरू लागलं तरी बराच काळ स्वच्छ दिसत राहतं, म्हणून वर्षातून एकदा तपासायचं. हे सांगायला ग्रीक शब्द लागत नाही.

नेत्रदानाची शंका लोक हळू आवाजात काढतात. चेहरा विद्रूप होईल का? पुढच्या जन्मी आंधळा होईन का? मोतीबिंदू झालाय, चष्मा आहे, चालेल का? चालतं. लावायचं असतं ते फक्त पारदर्शक बुबुळ. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवायचं, म्हणजे सहा तासांच्या आत नेत्र काढता येतात; तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, वर ओला कापूस. पुढच्या जन्माचं उत्तर आपल्या अभ्यासक्रमात नाही. पण शोकाच्या घरात तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हसू नये, एवढं तंत्रज्ञांना जरूर शिकवावं.

म्हणूनच या परिषदेत दुपारी अडीच वाजता शोधनिबंधांऐवजी वेगळं सत्र ठेवलंय. व्यासपीठावर डॉक्टर नसतील, जिल्ह्यातल्या समुपदेशक आणि परिचारिका बसतील, आणि खालून आपण रुग्ण होऊन प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न आलेलाच आहे, चिठ्ठीवर, पेन्सिलीनं: ‘ऑपरेशननंतर डोक्यावरून अंघोळ कधी करायची?’ ‘पंधरा दिवसांनी’ म्हणून सुटता येणार नाही. तोवर केस कसे धुवायचे, मान मागे कशी टाकायची, तांब्या कुणी धरायचा, सगळं करून दाखवायचंय.