घरातील केबल आणि वाटला जाणारा संकेत

दिवाणखान्यातील टीव्ही संच स्वच्छ चालतो, परंतु मागल्या खोलीत, जेथे बहुधा घरातील वृद्ध माणसे बसतात, तेथील चित्र मध्येच थिजते व त्याचे चौकोनी तुकडे पडतात, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. दोष संचाला दिला जातो. प्रसंगी नवा संचही आणला जातो. खरा दोष मात्र कित्येकदा माळ्यावरच्या एखाद्या जोडात दडलेला असतो.

ही तार म्हणजे कोअ‍ॅक्शियल केबल. मधोमध धातूचा तंतू, त्याभोवती विद्युत्‌रोधक, त्यावर धातूची पन्नी व जाळी. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली या रचनेचे पेटंट घेतले. टीव्हीच्या केबलचा संरोध ७५ ओहम असतो आणि तो वाटेत कोठेही बदलू नये, यातच सारे मर्म आहे. दोन तारा सोलून हाताने पिळून एकीला जोडल्या, की पुढचा संरोध निम्मा होतो आणि संकेताचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो. घरोघर हेच चालते! त्यापेक्षा छोटासा स्प्लिटर केव्हाही बरा.

तथापि स्प्लिटर म्हणजे काही अक्षयपात्र नव्हे. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेवर सुमारे ३.५ डेसिबल घट होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी शक्ती पुढे जाते. असे तीन स्प्लिटर एकापुढे एक लावले, तर शेवटच्या खोलीत १०.५ डेसिबल घट, म्हणजे शक्तीचा जेमतेम अकरावा भाग पोहोचतो. त्याऐवजी चार वाटांचा एकच स्प्लिटर लावल्यास चौघांनाही सुमारे ७ डेसिबलच सोसावे लागतात. जी वाट रिकामी राहील, तिच्यावर ७५ ओहमची टोपी बसवावी. इंटरनेटचा मोडेम त्याच केबलवर असेल, तर त्याला पहिल्याच जोडातून स्वतंत्र वाट द्यावी.

संकेतवर्धक लावायचाच, तर तो स्प्लिटरच्या आधी, जेथे संकेत अजून सशक्त आहे तेथे लावावा. मागल्या खोलीत लावलेला वर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो. बुडालेले त्याला वर काढता येत नाही. शिवाय कनेक्टर बसविताना जाळीचा एखादा केससुद्धा मधल्या तंतूला शिवू देऊ नये, आणि केबल कोपऱ्यावर मोडून वळवू नये.

छपरावरच्या डिश अँटेनाची गोष्ट निराळी आहे. तेथे सेट-टॉप बॉक्स स्वतःच १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवून हव्या त्या लहरींची निवड करतो. साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स बसविले, तर एकाची मागणी दुसऱ्याच्या आड येते. यास्तव प्रत्येक बॉक्ससाठी डिशपासून वेगळी केबल आणावी लागते, आणि डिशवरील एलएनबीलाही तितकी तोंडे असावी लागतात.