प्रेक्षागारांतील वर्णद्वेष

दिनांक २१ मे २०२३ रोजीं स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरीं मेस्ताया क्रीडांगणावर फुटबॉलचा सामना चालू होता. रेआल माद्रिद संघाचा ब्राझीली खेळाडू व्हिनिसियस ज्युनिअर हा वर्णानें कृष्ण. गोलमागील कांहीं प्रेक्षकांनीं त्याला माकड म्हणून हिणविलें. त्यानें बोलणाऱ्याकडे बोट दाखविलें; पंचांनीं खेळ थांबविला. पण अखेरीस एका झटापटीवरून मैदानाबाहेर काढला गेला तो व्हिनिसियसच! ती शिक्षा मागाहून रद्द झाली.

आपल्याच संघांतील कृष्णवर्णी खेळाडूनें गोल केला, तर असेच प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात. तेव्हां याला केवळ अज्ञान म्हणतां येत नाहीं. गर्दींत आपलें नांव कोणी विचारणार नाहीं, या भरंवशावर एरवींचा सभ्य गृहस्थहि जिभेचा लगाम सोडतो.

तो भरंवसाच मोडला पाहिजे. १० जून २०२४ रोजीं व्हॅलेन्सियाच्या न्यायालयानें ३ प्रेक्षकांस ८ महिन्यांची कैद सांगितली व २ वर्षें क्रीडांगणांत येण्यास मनाई केली. फुटबॉलच्या मैदानांतील वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्यें झालेली ही पहिलीच शिक्षा होय.

तथापि न्यायालय दूर असतें, पंच मैदानांत असतो. शिवी प्रथम ऐकूं येते ती शेजारच्या आसनावरील माणसाला. तो हंसला, तर तिला जोर चढतो. त्यानें ‘पुरे’ म्हटलें, तर ती बहुधा तेथेंच थांबते. एवढें धैर्य तिकीट काढून आलेल्या प्रत्येकानें दाखविलें पाहिजे.