लेकराच्या रक्ताची गोष्ट

आम्ही गोंडपिपरी तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आज जरा अवघड बोलायचं आहे. दत्तक लेकराच्या जन्माच्या घरात कोणते आजार आहेत, हे कोणाला माहीत असायला हवं?

आमच्या गटातल्या एका ताईला मूल नव्हतं. नणंदेने आपला तान्हा मुलगा तिच्या ओटीत घातला. मुलाला हे कोणी सांगितलं नाही. आठ वर्षांचा झाला तेव्हा ऐन रोवणीत त्याचे हातपाय दुखायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हा दोघांपैकी कोणाला सिकलसेल आहे का?" मुलगा शेजारीच बसलेला. ताई म्हणाली, "नाही." खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. नणंदेचा एएस रिपोर्ट तिच्या पेटीत पडून होता. हिवाळ्यात मुलगा पुन्हा आजारी पडला, रक्त तपासलं, तर एसएस निघाला. मधले सगळे महिने लेकराने दुखणं सोसलं. ताईला ते अजून बोचतं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे पुष्कळ रुग्ण आहेत. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून अंग दुखतं. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. पण आई-बाप दोघेही एएस असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. आजार शिवून होत नाही, नजर लागून होत नाही, आणि वाढवणाऱ्या आईकडून तर येतच नाही. तो जन्माच्या घरातून येतो.

संस्थेतून मूल घेतलं तर त्याचा वैद्यकीय अहवाल मिळतो. तो नीट वाचून घ्या, जपून ठेवा. पण टाकून दिलेल्या लेकराच्या आई-बापाचा पत्ताच नसतो, तिथे घरचा आजार कोण सांगणार? 2022 च्या दत्तक नियमांप्रमाणे 18 वर्षांपुढचं दत्तक मूल आपलं मूळ शोधायला केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, स्वतः अर्ज करू शकतं. लहान असेल तर दत्तक आई-बापासोबत. मात्र जन्मदात्या आईची गुप्तताही कायदा जपतो. कोण्या पोरीने कोणत्या अडचणीत बाळ दिलं, ते आपण बायांनी समजून घ्यावं.

मग आपल्या हातात काय? पहिलं, घरातल्या घरात मूल देता-घेता ना, तेव्हाच आई-बापाचे रिपोर्ट, घरातली शुगर, बीपी, हृदयाचा आजार, कमी वयात झालेले मृत्यू, सगळं कागदावर उतरवा. दुसरं, घरचं काहीच माहीत नसेल तरी अडून राहू नका. सिकलसेल लेकराच्या स्वतःच्या रक्तातच कळतो. आशाताईला विचारा, तपासणी करून घ्या. 2023 पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. एसएस निघाला तर गोळ्या आहेत, भरपूर पाणी पाजायचं, थंडीत जपायचं, ताप अंगावर काढायचा नाही. तिसरं, लेकराला खरं सांगा. उद्या त्याचं लग्न ठरेल, तेव्हा दोघांचे रिपोर्ट जुळवून पाहावे लागतील.

त्या ताईने शेवटी मुलाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आत्याला पण दुखतं का गं, आई?" आई तिलाच म्हणाला, बायांनो.