अल्प भांडवलाचा व्यवसाय आणि कल्याणमित्रता

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा आम्हाला प्रथम संकोच वाटला. आम्ही काही उद्योगपती नाही. परळीतील पाच घरे मिळून येसर, काळे तिखट, कारळ्याची व जवसाची चटणी, हातशेवया आणि सांडगे तयार करतो व मोबाईलच्या आधाराने बाहेरगावी विकतो. एवढाच आमचा अधिकार. परंतु पदाधिकाऱ्यांनी सांगितले, की मोठ्या माणसांची भाषणे मुलांनी पुष्कळ ऐकली. ज्यांच्यापाशी भांडवल नाही त्यांनी काय करावे, हे तुम्ही सांगा. म्हणून पाचही घरांच्या वतीने हे चार शब्द.

आपल्या वस्तीत व्यवसायाचा विषय निघाला की दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, भांडवल कोठून आणायचे? दुसरा, आपल्या हातचे घेणार कोण? पहिला प्रश्न सर्वच गरिबांचा आहे. दुसरा मात्र आपला आहे आणि तो टाळून पहिल्याचे उत्तर देता येत नाही.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत आले. बडोद्याच्या नोकरीतील अपमानानंतर मुंबईत त्यांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी एक लहानशी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता. तरीही सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. त्या पेढीत ज्ञानाची उणीव नव्हती, कष्टाचीही नव्हती. व्यवसाय हा विश्वासावर चालतो आणि समाजाने तो विश्वासच नाकारला होता.

मग विश्वास कसा मिळवावा? अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. कोलियांपैकी दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि म्हणतो, आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहणारी. आमच्या याच जन्मीच्या हितासाठी काही सांगा. भगवंत त्याला चार गोष्टी सांगतात. उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामात उद्योगी व कुशल असणे. आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेले सांभाळणे. कल्याणमित्तता, म्हणजे श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा असलेल्या माणसांची संगत धरणे. आणि समजीविता, म्हणजे मिळकत व खर्च यांचा तोल राखून जगणे. हल्ली ज्याला नेटवर्किंग म्हणतात, त्यातला ग्राह्य भाग या तिसऱ्या गोष्टीत आला आहे, असे आम्हाला वाटते. मात्र फरक आहे. आपल्या कामापुरती ओळख ठेवणे वेगळे आणि एकमेकांच्या हिताची जबाबदारी घेणे वेगळे.

अशी जबाबदारी घेणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातून लिज्जत उभे राहिले. लाटणारी प्रत्येक भगिनी ही संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण. त्याच मुंबईत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या भगिनींना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. ज्यांना एकटीला बँक दारात उभी करीत नव्हती, त्यांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि सरकारी बँकेचे कर्ज मिळवले. तारण ठेवायला सोने नव्हते, शेजारणीचा शब्द होता.

आता आमचा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही पाच घरे वेगवेगळी होतो. कोणी पाव किलो येसर पुण्याला पाठवायचे, कोणी चटणीची एक बरणी. टपालाचा दर वजनाच्या टप्प्याने लागतो. त्यामुळे लहान पुडा पाठवायला माल जितक्याचा, जवळजवळ तितकाच खर्च. एकदा तेलाची बरणी वाटेत फुटली आणि गिऱ्हाइकाचे पैसे परत करावे लागले. त्या महिन्याची कमाई त्यात गेली. दिवाळीला पाचही जणी हिशेबाला बसल्या, तेव्हा लक्षात आले की आपण पाच जण एकाच गावाहून, एकाच शहरात, पाच वेगळ्या पुड्यांचे भाडे भरतो आहोत.

मग एक पेटी केली. पाच घरांचा माल, एक यादी, एक भाडे. गिऱ्हाइकालाही एकाच वेळी येसर, शेवया, सांडगे मिळू लागले व मागणीची रक्कम वाढली. एका घरी कांडप यंत्र होते, तिथे सर्वांचे तिखट कुटले जाऊ लागले. दुसऱ्या घरातील मुलगी महाविद्यालयात शिकते, तिने सकाळच्या उन्हात खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर माल ठेवून फोटो काढले. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायासाठीच्या मोफत अ‍ॅपमध्ये मालाची यादी लावली. जाहिरातीवर एक रुपयाही खर्च केला नाही. अशा रीतीने जे भांडवल आमच्यापाशी नाही असे आम्ही म्हणत होतो, त्यातले निम्मे शेजारच्या घरात होते.

गिऱ्हाईक कोठून आणले? आपल्या परळीला थर्मलची वसाहत आहे. तेथील कुटुंबे बदलीने कोराडीला, चंद्रपूरला, भुसावळला, नाशिकला जातात. जाताना ती येथील चव बरोबर नेतात, पण मसाला संपतो. आमच्यापैकी दोघीजणी वसाहतीत कामाला जात होत्या. त्यांच्या ओळखीच्या बाईंनी नाशिकहून पहिली मोठी मागणी दिली आणि शेजारणींना सांगितले. तिसरी मागणी त्या शेजारणींची होती. गावातील एका लॉजचालकांशी बोललो. महाशिवरात्रीला व श्रावणात वैद्यनाथाच्या दर्शनाला लांबून यात्रेकरू येतात. त्यांच्या खोलीत आमचे छापील कार्ड ठेवायचे आणि त्याबदल्यात लॉजच्या स्वयंपाकघराला आम्ही सवलतीत तिखट द्यायचे. पुस्तकांचे दुकान लावणाऱ्या एका बंधूंनी नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना आमची पाकिटे आपल्या पुस्तकांशेजारी ठेवली. आम्ही परळीत त्यांच्या पुस्तकांची यादी आमच्या गिऱ्हाइकांना पाठवली. यात कोणीच कोणाला पैसे दिले नाहीत. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दुसऱ्यासाठी वापरू दिले.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी आपल्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. ज्या दुकानदारांचे सारे गिऱ्हाईक थर्मलचे होते, त्यांचे काय हाल झाले असतील याची वडीलधाऱ्यांना कल्पना आहे. मोबाईलवरच्या व्यवसायातही तसेच आहे. एका मोठ्या विक्री-अ‍ॅपवर आम्ही माल लावला होता. एके दिवशी खाते बंद झाले. कारण कळले नाही आणि दाद कोणाकडे मागावी हेही कळले नाही. बारा दिवसांनी ते सुरू झाले. ते बारा दिवस आम्हाला तगवले एका शंभरपानी वहीने. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन आणि काय आवडले याची नोंद होती. अ‍ॅप वापरावे, परंतु गिऱ्हाईक आपल्या वहीत असावे.

आता कागदपत्रांविषयी. हा भाग कंटाळवाणा वाटेल, परंतु भागीदाऱ्या मोडतात त्या येथेच. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवा. उद्यम नोंदणी २०२० पासून आहे, ती मोफत होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. पूर्वी विक्री-अ‍ॅपवर माल लावायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेखाली असणाऱ्या आणि राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना पॅनच्या आधारे केवळ नावनोंदणी करून विकता येते. राज्याबाहेर माल धाडायचा तर मात्र नोंदणी लागते. म्हणून आम्ही आधी महाराष्ट्रच पुरा करायचे ठरवले.

आणि भागीदारीचा करार लेखी करा. १९३२ चा भागीदारी कायदा असे सांगतो, की करारात वेगळे ठरले नसेल तर नफातोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो, मग एकीने रात्रंदिवस कष्ट केले असोत वा नसोत. एका भागीदाराने पेढीच्या नावाने केलेले कर्ज सर्वांच्या गळ्यात येते. आणि पेढीची नोंदणी नसेल तर करारातला हक्क मागण्यासाठी कोर्टात जाणे अवघड होते. आमचे पैसे पहिले सहा महिने एकीच्याच मोबाईलवर जमा होत. ती प्रामाणिक होती, तरी कुजबूज सुरू झाली. शेवटी दोन सह्यांचे खाते उघडले आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब मोठ्याने वाचण्याचा नियम केला. त्या दिवसापासून कुजबूज थांबली. आरक्खसंपदा, ती हीच.

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. आपल्या हातचे घेणार कोण?

पाकिटावर करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्यात यावर तीन बैठका झाल्या. काही जणींचे म्हणणे होते, आडनावे गाळू आणि एखादे देवाचे किंवा नदीचे नाव लावू. परंतु पत्त्यात वस्तीचे नाव येते आणि महाराष्ट्रात वस्तीचे नाव वाचले की बाकीचे सांगावे लागत नाही. त्याच सुमारास एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने दरमहा चाळीस किलो मसाल्याची मागणी दिली. भाव बरा होता. अट एकच, माल त्यांच्या नावाच्या पाकिटातून विकला जाईल, तुमचे नाव कोठेही दिसणार नाही. त्यांनी कारण सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

मतभेद झाले. एका घरी मुलाची फी भरायची होती, दुसऱ्या घरी दवाखाना होता. त्या दोन घरांनी ती मागणी आपापल्या जबाबदारीवर घेतली. आम्ही त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. पोटापुढे प्रतिज्ञा करणे सोपे नसते. ती दोन्ही घरे आजही आमच्या पेटीत आहेत. परंतु एकत्र पेढीच्या पाकिटावर मात्र आम्ही पाचही नावे आणि वस्तीचा संपूर्ण पत्ता छापला. काही जुनी गिऱ्हाइके त्यानंतर परत आली नाहीत. का आली नाहीत हे आम्ही जाणत नाही आणि त्याविषयी तर्कही करणार नाही. नाशिकच्या बाईंनी मात्र पाकिटाचा फोटो काढून पाठवला आणि लिहिले, की आता कोणाच्या हातचे खातो ते कळले. त्यांनी पुढची मागणी दुप्पट दिली.

नाव का सोडू नये, याचे ताजे उदाहरण देतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतले होते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रातून आवाज उठला. कंपनीला ही प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे मान्य करावे लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांशी तिने करार केला. एकटा कारागीर मिलानपर्यंत काय ओरडणार होता? दोन राज्यांनी मिळून नाव नोंदवून ठेवले होते, म्हणून बोलण्यास आधार मिळाला. त्या करारातून चामडे कापणाऱ्या हातांत किती पडते, ते पुढे पाहावेच लागेल. पण नावच नसते तर मागणे कशाच्या बळावर केले असते?

आपल्या मराठवाड्यातील शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आपल्या स्वयंपाकघराची नोंद केली. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेले. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली ‘दलित फूड्स’ हेच नाव लावून मसाले व लोणची ऑनलाइन विकायला काढली. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केले. जे नाव बाबासाहेबांच्या पेढीच्या आड आले, तेच नाव फलकावर लिहिणारी माणसे शंभर वर्षांत तयार झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला आमची एकच विनंती आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आपल्या गल्लीत कोण शिवणकाम करते, कोण झाडू बांधते, कोणाच्या आजीच्या हाताला चव आहे, याची एक यादी करा. त्यांचे फोटो काढून द्या, नोंदणीचा अर्ज भरून द्या, महिन्याचा हिशेब लिहून द्या. यात तुमचा रुपयाही जाणार नाही, रविवारचे दोन तास जातील. आणि संस्थेला विनंती, की दर महिन्याला एक दिवस ही खोली हिशेब वाचनासाठी उघडी ठेवावी. पाच घरांचा हिशेब आमच्या ओसरीत मावतो. पन्नास घरांचा मावणार नाही, आणि पन्नास घरे व्हावीत अशी आमची इच्छा आहे.



जयभीम! जय भारत!