एक चादर पुरत नाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळी भटकंतीची तयारी सुरू झाली, की एक प्रश्न हमखास येतो : ‘‘उन्हाळ्यात स्लीपिंग बॅग कशाला? एक चादर पुरे की!’’ काही वर्षांपूर्वी मीही हेच सांगत असे.

त्या मे महिन्यात आम्ही हरिश्चंद्रगडावर होतो. कोकणकड्याजवळ उघड्यावरच पथाऱ्या पसरल्या होत्या. मध्यरात्री वळवाचा पाऊस आला. गुहा गाठेपर्यंत सगळे चिंब! थोड्या वेळाने बरोबरचा कॉलेजातला मुलगा कुडकुडू लागला, त्याचे बोलणे अडखळू लागले. आमच्यात एकाकडेच सिंथेटिक स्लीपिंग बॅग होती, तीही ओलसर झालेली. मुलाचे भिजलेले कपडे काढून कोरडे घातले, त्याला बॅगेत सरकवले आणि दोघे जण त्याला चिकटून बसलो. पहाटे त्याने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा जीव भांड्यात पडला. ‘चादर पुरे’ हे त्याला मीच सांगितले होते.

बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. पिसांची बॅग तेवढ्याच वजनात जास्त ऊब देते. पण भिजली, की पिसांचे गोळे होतात. पॉलिएस्टरचे तंतू पाणी फारसे शोषत नाहीत. त्यामुळे ओलसर बॅगेतही थोडीफार ऊब टिकते, ती लवकर वाळते आणि खिशालाही परवडते.

उंची हजार मीटरने वाढली, की तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. हरिश्चंद्रगड सुमारे १४०० मीटर उंच. म्हणजे पायथ्याच्या कोकणापेक्षा सात-आठ अंशांचा फरक. त्यात वारा आणि ओले कपडे!

बॅग घेताना लेबलावरचा ‘कम्फर्ट’चा आकडा पाहा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा झोपेचा नाही, जेमतेम जीव तगवण्याचा असतो. सह्याद्रीतल्या उन्हाळ्याला १० ते १५ अंश कम्फर्टची, किलोभर किंवा त्याहून हलकी बॅग पुरते. हिमालयात बर्फाजवळ मुक्काम असेल, तर मात्र ती मे महिन्यातही अपुरी पडते.

आणखी तीन गोष्टी. अंगाखाली दबलेल्या तंतूंत हवा राहत नाही, म्हणून खाली मॅट हवीच. शेकोटीपासून बॅग दूर ठेवा. एका ठिणगीने कापड वितळून भोक पडते. आणि घरी परतल्यावर ती पिशवीत कोंबून ठेवू नका, सैल ठेवा. नाहीतर तंतूंचा फुगीरपणा जातो आणि त्याबरोबर ऊबही.

सॅकमध्ये ही बॅग दुमडलेल्या उशीएवढी जागा घेते. तेवढी जागा तिच्यासाठी जरूर ठेवा. आपल्याला लागली नाही, तरी सोबत्याला लागू शकते.