पडद्यापलीकडचा गडी



हुतुतूच्या डावात चढाईला गेलेल्या गड्याला दम धरून एकच शब्द घोकावा लागतो. दुसरे काही बोलायला त्याला सवडच नसते. कुस्तीत सलामी झाली की पुढचे बोलणे डावपेचांचे. समोरच्याशी किती बोलावे आणि कसे बोलावे, याला आपल्या मैदानी खेळांनी असा बांध घातलेला आहे. शिवाय तेथे जे काही होते ते चारचौघांच्या देखत. कोणी तोंड सोडलेच, तर कान धरायला पंच असतात, वस्ताद असतात, आणि घरी गेल्यावर आई असते.

आता मुलांचे मैदान मोबाइलच्या काचेत गेले आहे. या खेळातला प्रतिस्पर्धी पुष्कळदा खराखुरा माणूसच असतो. पण तो नाशिकचा की नैरोबीचा, बारा वर्षांचा की बावन्न वर्षांचा, हे समजायला मार्ग नसतो. त्याच्याशी बोलण्यासाठी कित्येक खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत अक्षरे टाइप करावीत, की त्याच क्षणी ती त्याच्यापुढे उमटतात. मुले याला 'चॅट' म्हणतात.

सोय चांगली आहे. पण तोंड दिसत नाही, नाव खरे नाही, आणि हरल्याचा राग ताजा. मग जीभ सुटायला कितीसा वेळ लागणार? जातीवरून, भाषेवरून, आईबहिणीवरून शिव्या येतात. आपण मुलगी आहोत हे कळू नये म्हणून मुलाचे नाव घेऊन खेळणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. पलीकडे शिवी वाचणारे एखादे सातवीतले पोर असते, हे देणाऱ्याच्या गावीही नसते.

तर मग हे बोलणे बंदच करावे काय? या प्रश्नावर काही अनुभव जमा झाले आहेत. 'लीग ऑफ लेजेंड्स' नावाचा एक खेळ २००९ साली अमेरिकेतल्या कंपनीने काढला. त्यात पाच-पाच गड्यांचे दोन संघ लढतात. विरुद्ध संघांमधले ८० टक्क्यांहून अधिक बोलणे वाईटच असते, असे तेथे आढळले. तेव्हा कंपनीने एक साधी गोष्ट केली. बोलण्याची सोय काढून टाकली नाही. फक्त ती आधीपासून बंद ठेवली. ज्याला बोलायचे असेल त्याने ती मुद्दाम चालू करावी. आठवड्याभरात वाईट बोलणे ३० टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले बोलणे जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढले, असे त्यांनी सांगितले. दाराला कुलूप लावले नाही, नुसती कडी लावली. ती काढायला हात उचलावा लागला, तेवढ्यात पुष्कळांचा राग निवला!

दुसरा अनुभव याच्या उलट बाजूचा. २०१४ साली 'हार्थस्टोन' नावाचा पत्त्यांचा खेळ आला. त्यात अनोळखी प्रतिस्पर्ध्याला काही लिहिताच येत नसे. नमस्कार, आभार, छान खेळलास, अशी ठराविक सहाच वाक्ये ठेवली होती. त्यांतले एक 'माफ करा' असे होते. लोकांनी तेच खिजवण्यासाठी वापरायला सुरुवात केली! शेवटी ते काढावे लागले. यावरून दिसते ते असे, की शब्द मोजून दिले तरी मनातला हेतू मोजून देता येत नाही. तो घरी आणि शाळेत घडवावा लागतो.

येथे गुरुजी आणि बाई, तुमचे काम आहे. पुष्कळ शाळांत मुले आता मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. 'लिचेस' ही २०१० पासून चालणारी, पैसे न घेणारी, जाहिराती नसलेली सोय आहे. तीत डावाच्या आरंभी शुभेच्छा देण्यासाठी आणि शेवटी 'छान खेळलात' म्हणण्यासाठी तयार बटणे आहेत. आणि लहान मुलांसाठी असा एक प्रकार आहे, की तो चालू केला म्हणजे इतरांशी सगळे बोलणे बंद होते, खेळ मात्र चालू राहतो. लहान वर्गांना असेच खेळू द्यावे. मोठ्या वर्गांना बोलू द्यावे, पण रीत शिकवून.

ती रीत अगदी थोडी आहे. डावाआधी नमस्कार, डावानंतर आभार. हरल्यावर तर आवर्जून. मुले शेवटी 'जीजी' लिहितात, म्हणजे 'डाव छान झाला'. त्याला 'ईझी', म्हणजे 'सोपा होता', हे शेपूट जोडले की कौतुकाचा अपमान होतो. ते जोडू नये. कोणी शिवी दिली तर उलट शिवी देऊ नये. त्याचे बोलणे बंद करण्याचे बटण बहुतेक खेळांत असते, तक्रारीचेही असते. ती दाबावीत, आणि पडद्याचा फोटो काढून ठेवावा. आपले नाव, गाव, शाळा, फोन नंबर आणि मोबाइलवर आलेला ओटीपी समोरच्याने कितीही गोड बोलून मागितला, तरी देऊ नये. फसवणुकीत पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आईवडिलांना एकच विनंती. पोर येऊन म्हणाले, "मला कोणीतरी घाण लिहिले," तर पहिल्या झटक्यात मोबाइल हिसकावून घेऊ नका. तसे केले तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाही. आणि खरा धोका त्या न सांगण्यात आहे. जवळ बसवा, काय लिहिले ते पाहा, आणि ते बटण दोघे मिळून दाबा.

खेळ म्हटला की हारजीत आलीच. काचेपलीकडेही आपल्यासारखाच एक गडी बसला आहे, एवढे आपल्या मुलांना उमगले, तर त्यांनी पुष्कळ कमावले.